मुशीचं तेल आणि यशवंताची डीआर गाडी

मी फौजेत स्वयंपाकी होतो, आणि मी आबा तांडेलांना सांगितलं की यशवंताची मोटारसायकल मी चालू करून देतो.

चूक एवढीच. पुढचं सगळं तिच्या मागून आलं.

सतरा वर्षांची माझी नोकरी. ट्रेनिंगचे महिने सोडले तर रायफल मी हातात धरली ती बहुतेक तेल लावण्यापुरती. बाकी वेळ हातात पळी. पण हे आमच्या रत्नागिरीच्या मांडवीत कोणाला माहीत नव्हतं. आमच्या ओटीवर माझा एक फोटो लावलेला असे. मोटारसायकलवर बसलेलो, डोळ्यांवर गॉगल, हातात कातडी मोजे, नजर शत्रूकडे. मोटारसायकल यशवंताची, गॉगल यशवंताचा, मोजे यशवंताचे. माझा फक्त चेहरा. लोक विचारत, "दत्ताराम, तू गाड्यांच्यात हुतास काय रे?" मी "हं" म्हणायचो. फौजेत कमी बोलायला शिकवतात.

एकोणऐंशी साली सुटून आलो आणि एसटी स्टँडच्या मागे खानावळ काढली. फौजी माणसाला एवढी चांगली आमटी कशी जमते, याचं गिऱ्हाइकांना नवल वाटे. मी सांगायचो, हौस.

यशवंत मात्र खरोखर गाडीवाला होता. आमच्या पलटणीचा डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर. जो कागद तारेवरून किंवा वायरलेसच्या सेटवरून पाठवता येत नाही, तो कातडी पिशवीत घालून मोटारसायकलवरून पोचवायचा, हे त्याचं काम. सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सशस्त्र पहारा, उतरलं की तो निघे, संध्याकाळी परत. कॅम्पच्या अलीकडे एक नाला होता. तिथं तो गिअर खाली टाकी. तो आवाज कानावर आला की मी तवा चढवायचा. तो गाडी स्टँडला लावून, हात धुऊन लंगरच्या दारात येईपर्यंत पहिली पोळी फुगलेली असे. आम्ही एकाच आळीतले, पण मैत्री झाली ती ह्या पोळीवर. तो कधी थँक्यू म्हणाला नाही. "आज जाड झाली," एवढंच म्हणायचा.

सत्तर साली मिलिटरी डिस्पोजलमधून त्यानं तसलीच एक जुनी गाडी स्वतःसाठी घेतली. एक सिलिंडर, भलीमोठी टाकी, दुसऱ्या महायुद्धातली. कंपनीचं नाव टाकीवरून केव्हाच पुसलं गेलेलं. घरी सगळे तिला 'डीआर गाडी' म्हणत. ट्रकातून ती रत्नागिरीत आली. यशवंतानं ती एकाच सुट्टीत चालवली. बायकोला, म्हणजे शेवंतीवहिनींना, मागं बसवून वेळणेश्वरला तिच्या माहेरी घेऊन गेला. जयगडच्या खाडीत गाडी तरीत उभी केलेली आणि वहिनी विचारतायत, "तुमाला धरू का गाडीला?" हा किस्सा तो कुकहाउसमध्ये इतक्या वेळा सांगे की आमच्या पंजाबी पोरांनाही 'तुमाला धरू का' पाठ झालं होतं.

सुट्टी संपली तेव्हा तो वडिलांना म्हणाला, "आबा, पावसात ठेवू नका. आल्यावर मीच चालू करीन."

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची पलटण पश्चिम सीमेवर होती. एका पहाटे पुढच्या कंपनीकडे गेलेली टेलिफोनची लाइन गोळाबारीत तुटली. सेटवर आवाज येऊन जाऊन. सिग्नल सेंटरचा तंबू माझ्या कुकहाउसला लागून होता, त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. सुभेदार साहेबांनी यशवंताला बोलावलं.

"रास्ता देखा है?"

"देखा है, साब."

"जाओ."

गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. नाल्यापर्यंत आवाज आला, मग तोफांचा आला.

बऱ्याच वेळानं सेट बोलू लागला.

"डीआर पोचला? ओव्हर."

"नाही पोचला. ओव्हर."

थोड्या वेळानं आमच्या सेंटरनं पुन्हा तेच विचारलं.

"डाक मिळाली. डीआर नाही. ओव्हर."

"पुन्हा सांग. ओव्हर."

"डाक मिळाली. डीआर नाही. ओव्हर."

पोस्टच्या अगदी जवळ गोळा पडला होता. तिथल्या पोरांनी सरपटत जाऊन त्याला आणलं. पिशवी त्याच्या पोटाखाली होती, कोरडी.

स्वयंपाक्याला रोल कॉल लागत नाही. त्याला कणीक सांगते. त्या दिवशी चार जणांची उरली.

इकडे मांडवीला आबा तांडेलांनी मुलाचा शब्द पाळला. पण आबा आयुष्यभर होडीवरचे. वस्तू सांभाळायची म्हणजे होडी सांभाळतात तशी, ही एकच रीत त्यांना माहीत. पावसाळ्याआधी होडी वर ओढतात, ठोकळ्यांवर ठेवतात, तिला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल पाजतात, फटीत राळेचा कापूस ठोकतात, वर झाप घालतात. आबांनी गाडीचं हेच केलं. जाळ्यांच्या खोपीत ठोकळ्यांवर चढवली. नखशिखांत मुशीचं तेल चोपडलं. जिथं म्हणून भोक दिसलं तिथं राळेत बुडवलेला कापूस ठोकला. भरलेल्या भांड्याला गंज धरत नाही, म्हणून पेट्रोलच्या टाकीत तेच तेल काठोकाठ भरलं. वर माडाच्या झावळ्यांचे झाप. दर मे महिन्यात नवा हात, आणि दर नारळीपुनवेला, होड्या पाण्यात जायच्या दिवशी, झाप काढून गाडीला कुंकू आणि नारळ. मग पुन्हा झाप. असं वर्षानुवर्षं.

चौऱ्याऐंशीच्या आषाढात यशवंताचा धाकटा भाऊ विठ्ठल यानं इंजिनाची नवी होडी बांधायला घातली. तिची जाळी मोठी, खोप लहान. आणि आबा थकले होते. त्यांनी निर्णय जाहीर केला. जी होडी पाण्यात जात नाही ती कोरड्यावर ठेवू नये. भंगारवाल्याला द्यायची नाही, पोराच्या हातचं लोखंड आहे. येत्या नारळीपुनवेला नव्या होडीत घालून ती बाहेर न्यायची आणि नारळासोबत दर्याला सोडायची.

शेवंतीवहिनी चारच दिवसांनी खानावळीत आल्या. मासळी विकून परत जाताना, रिकामी पाटी डोक्यावर तशीच.

"भावजी, गाडी दर्यात जाता नये."

"आबांनी ठरवलंय."

"ठरवलानी तर ठरवलानी. चालू झाली तर कशी टाकतील? चालती होडी कोन बुडवता? इठू तिच्यावरनं वरच्या गावांना, नाचण्याला, कुवारबावला मासळी नेईल. दर्यात टाकून ती मास्यांना काय उपेगाची?"

एवढं म्हणून त्यांनी पाटी उतरवून बाकड्यावर ठेवली. बाजारात चौघींना एका दमात गप्प करणाऱ्या बाई त्या. खालच्या आवाजात बोलण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते जरा घोगरंच आलं.

"त्यांचा अंग आला नाय घरी. पेटी आली, कापडा आली. त्यांच्या हातान चालनारी वस्त ही एकच. तुमी गाड्यांच्यात हुतात."

आता मी काय सांगणार होतो? मी म्हटलं, "वहिनी, त्यात काय एवढं!"

आबांकडे मी त्याच संध्याकाळी गेलो. ते ओटीवर जाळ्याची भोकं सांधत होते. मी सावधान उभा राहून रिपोर्ट केल्यासारखं सांगितलं, "आबा, गाडी मी चालू करतो."

आबांनी मान वर केली नाही. "पुनवेच्या भरतीपर्यंत करायची. भरती तुज्यासाठी थांबायची नाय."

म्हणजे ऑर्डर स्पष्ट होती.

झाप काढले तेव्हा गाडी काळ्या गुळाच्या ढेपेसारखी दिसत होती. बारा-तेरा हात तेलाचे, एकावर एक वाळलेले. चाकूनं खरवडलं तर खाली लोखंड मात्र लखलखीत. मी मनात आबांना सलाम ठोकला. मग टाकीचा नळ उघडला आणि सलाम मागं घेतला. एवढं मुशीचं तेल मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. निम्मं बादलीत गेलं, निम्मं माझ्या पायजम्यात. त्या संध्याकाळी मी मांडवीतून घरी निघालो तेव्हा मागे मांजरं होती. आधी दोन, मारुतीच्या देवळापाशी पाच-सहा. बायकोनं दार उघडलं, वास घेतला, मांजरं बघितली आणि दार लावलं. मी विहिरीवर आंघोळ केली आणि पडवीत झोपलो. पुढचे कित्येक दिवस हाच दिनक्रम होता. मांजरं वेळेला पक्की निघाली.

इंजिन जाम होतं. किक दाबली तर मीच वर येई, ती खाली जात नसे. पिस्टन आत चिकटला होता. मेकॅनिकनं काय केलं असतं मला माहीत नाही. मी स्वयंपाकी. घट्ट झालेली गोष्ट भिजत घालतात, एवढं मला ठाऊक. रॉकेल आणि खोबरेल निम्मं-निम्मं घेऊन कोमट केलं आणि प्लगच्या भोकातून आत ओतलं. कडवे वाल घालावेत तसं ठेवून दिलं. रोज खानावळ आवरली की जायचं, गाडी टॉप गिअरला टाकायची आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढं-मागं ढकलायचं. हले ना. पुन्हा ओतायचं. विठ्ठल येऊन बघे आणि म्हणे, "दत्ताकाका, फोडनी कवा देनार?"

खोबरेल घातलं ही शुद्ध गाढवकी होती, असं पुढं मला एका जाणत्यानं सांगितलं. पण एका दुपारी चाक बोटभर सरकलं. मग चार बोटं. मग पिस्टननं आतून ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि किक खाली गेली. मी विठ्ठलाला म्हटलं, "बघितलंस?" तेवढ्यात किक वर आली ती नडगीवर.

कार्बोरेटर सोडला तेव्हा मात्र मला बरं वाटलं. त्याच्यात जेट नावाची पितळी नळी असते. तिच्या बारीक भोकातून पेट्रोल जातं. म्हणजे स्टोव्हचा बर्नर! स्टोव्हवर तर माझी हयात गेली होती. पितळेचे सगळे भाग रात्रभर आमसुलाच्या पाण्यात टाकले, पूजेची भांडी टाकतात तसे, आणि जेटमध्ये स्टोव्हची पिन घातली. सोन्यासारखे निघाले. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, दमट होतं. ते चुलीच्या वैलावर फडक्यात गुंडाळून ठेवलं. मंद आच, हलवायचं नाही. ठिणगी येते की नाही ते बघायला प्लगची वायर बोटात धरली आणि विठ्ठलाला किक मारायला सांगितलं. ठिणगी येत होती.

असं करत श्रावण निम्मा गेला. तोवर मांडवीत बातमी झाली होती की दत्तारामनं इंजिन उघडून आमसुलात घातलंय. जाता-येता लोक विचारत, "सोलकढी झाली काय?" मी ऐकून घेत होतो. सोडायचं मनात येत नव्हतं असं नाही. दोनदा आलं. पण खोपीतून बाहेर पडायच्या वाटेवर वहिनींचं दार होतं. त्या काही विचारत नसत. गरम पाण्याची घागर आणि साबणाची वडी बाहेर ठेवलेली असे, बस. त्या घागरीपुढून 'जमत नाही' म्हणून जाणं मला जमलं नसतं.

नारळीपौर्णिमा उजाडली. पाऊस उघडला होता. किनाऱ्यावर होड्यांना पताका, ढोल, बायकांच्या नव्या साड्या. विठ्ठलाची होडी पाण्याच्या कडेला तयार. तिच्यावर दोन फळ्या टेकवल्या होत्या आणि दोराचं वेटोळं ठेवलं होतं. त्या फळ्या कशाला आहेत हे कोणी बोलत नव्हतं. भरती दुपारची होती. आबा सोवळ्यासारखं पांढरं धोतर नेसून, मांडीवर दोन नारळ घेऊन, उलट्या ठेवलेल्या पगारावर, म्हणजे लहान होडीवर, बसले होते. एक नारळ दर्याला. दुसरा कोणाचा ते मला माहीत होतं.

गाडी खोपीतून ढकलत बाहेर आणली. ताजं पेट्रोल भरलं. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा. मोजणं सोडून दिलं. ठिणगी होती, पेट्रोल होतं, दाबही होता. गाडी मात्र ढिम्म. घाम चष्म्यावर आला. ढोलवाले वाजवायचे थांबून बघायला आले.

"दत्ता," आबा म्हणाले, "पानी चढता हाय."

"बघतो, आबा."

चिडून मी उडी घेतली आणि सगळं वजन किकवर टाकलं. इंजिन उलटं फिरलं. किकनं मला असा वर उडवला की मी सरळ जाळ्यांच्या ढिगात जाऊन पडलो. पाय घोट्याजवळ लगेच टम्म. पडल्या पडल्या मला आठवलं. यशवंत किक मारायच्या आधी डाव्या अंगठ्यानं हँडलवरची एक लहान दांडी मागं सरकवायचा. मी शेकडो वेळा बघितलं होतं. मला वाटे, सवय आहे, मी पोळी उलटायच्या आधी चिमटा तव्यावर आपटतो तशी. ती ठिणगी उशिरा पाडायची दांडी होती. ती मागं नसली तर गाडी लाथ मारते. ज्ञान झालं, पण पाय गेला.

विठ्ठल जाळ्यांतून मला सोडवत म्हणाला, "काका, ऱ्हाऊ दे आता."

"चूप. दांडी मागं कर. तू मार किक."

त्यानं मारल्या. आता गाडी लाथ मारत नव्हती, पण चालूही होत नव्हती. एकदा आत कुठंतरी 'फुस्' झालं आणि कार्बोरेटरच्या तोंडातून धूर मागं आला. पाणी फळ्यांपर्यंत चढलं. आबा उठून उभे राहिले. नारळ त्यांनी एका हातात घेतले आणि दुसऱ्या हातानं चार जणांना खूण केली, उचला.

"आबा, एक मिनिट!" मी ओरडलो. पलटणीत सुभेदार साहेबांपुढं मी इतक्या जोरात कधी बोललो नव्हतो.

चार जण थांबले. मी वाळूत बसलो आणि स्वयंपाक्यासारखा विचार केला. चुलीत लाकूड सुकं आहे, विस्तव आहे, फुंकणी आहे, तरी जाळ धरत नाही आणि धूर तोंडावर येतो. याचा अर्थ एकच. धुराडं बंद आहे.

सायलेन्सर! आबांनी जिथं भोक दिसेल तिथं राळेचा कापूस ठोकला होता. मी सगळे बोळे काढले होते, पण सायलेन्सरमध्ये डोकावलोच नव्हतो. सायलेन्सर आतून काळाच असतो, राळही काळीच.

मी रांगत मागं गेलो. गाल वाळूला लावला, एक डोळा मिटला आणि दुसरा सायलेन्सरच्या तोंडाला लावला. बोळा कितपत आत आहे ते दिसेना. म्हणून मी विठ्ठलाला, आजही लिहिताना हात थांबतो, मी म्हटलं, "विठ्ठला, हळूच एक किक मार बघू."

मानगूट कोणीतरी धरली आणि मला बटाट्याच्या पोत्यासारखं बाजूला ओढलं. "तोंड काढ मेल्या!" हा वहिनींचा आवाज. त्याच क्षणी धडाम्!

बोळा माझं डोकं जिथं होतं तिथून गेला. पुढं ढोलवाल्याचा ढोल होता. ढोल एकदाच वाजला, आणि फाटला. मी वाळूत पालथा, दोन्ही हात डोक्यावर, आणि सगळ्या मांडवीला ऐकू जाईल असा ओरडत होतो, "टेक कव्हर! टेक कव्हर!" बायका हसायला लागल्या. मला वाटलं आपल्यालाच हसतायत. तेही खरंच होतं. पण मग त्या हसण्याच्या खालून दुसरा आवाज यायला लागला. धड. धड. धड. धड.

गाडी चालू होती.

सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर निघत होता, आणि वास असा की शंभर पापलेटं एकाच तव्यावर टाकलीत. मुशीचं तेल आणि माझं खोबरेल आत तळलं जात होतं. कुठूनशी मांजरं आली आणि गाडीच्या मागं रांगेत बसली. फॉलइन.

आबा जवळ आले. गरम टाकीवर त्यांनी तळहात ठेवला. होडीच्या फळीवर ठेवतात तसा, पाणी आत येतंय की काय ते बघायला. बराच वेळ ठेवला. मग त्या चार जणांना म्हणाले, "फळ्या काढा." आणि मला, "चल. जेटीपर्यंत ने मला."

इथं देवानं माझा पाय सुजवून ठेवला होता, हे त्याचे उपकार. मी घोट्याकडे बोट दाखवलं आणि विठ्ठलाला पुढं केलं. पाय धड असता तर मी काय सांगितलं असतं ते मला आजही सुचत नाही. मला मोटारसायकल चालवता येत नाही.

विठ्ठल पुढं, आबा मागं, एका हातात दोन नारळ. किनाऱ्याच्या रस्त्यानं ती धूर सोडत जेटीकडे गेली. ढोल फाटला होता, म्हणून मिरवणुकीला इंजिनाचाच ठेका. जेटीच्या वळणावर विठ्ठलानं गिअर खाली टाकला आणि तो आवाज माझ्यापर्यंत आला. माझा उजवा हात आपोआप पुढं झाला, तवा चढवायला. मी तो खिशात घातला.

आबांनी पहिला नारळ दर्याला दिला. दुसरा त्यांनी दरवर्षी गाडीपुढं ठेवला होता. ह्या वर्षी तोही पाण्यात सोडला. ओठ हलले, काय बोलले ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. माझ्याजवळ नारळ नव्हता. मी वाळूत बसूनच चौघांची नावं घेतली. सिपाही गुरनाम, ज्याला दूध वेगळं लागे. ड्रायव्हर पेरुमाळ, ज्यानं मला इडली शिकवायचा प्रयत्न केला. लान्स नायक भिकाजी, जो कधीच दुसऱ्यांदा वाढून घेत नसे. आणि नायक यशवंत, डीआर. त्यांच्या वाटणीची कणीक मी त्या दिवशी टाकली नव्हती. तिच्या पोळ्या केल्या होत्या आणि खंदकातल्या पोरांना एकेक जास्त वाढली होती. कोणी विचारलं नाही, जास्त कशी आली.

वहिनी हळद उगाळून घेऊन आल्या आणि माझ्या घोट्याला लावू लागल्या. नजर जेटीकडेच होती. मी जरा ऐटीत म्हटलं, "पायाची सूज उतरली की क्लचचं बघतो, वहिनी. जरा घसरतोय."

"क्लच इठू बघेल. तुमी आपल्या पोळ्या करा."

मी विचारलं, "पोळ्या म्हणजे?"

"दत्ता फौजेत पोळ्या करतो, जरा जाडच करतो, असा ह्यांनी सत्तर सालात सांगितलानी हुता."

"तुम्हाला माहीत होतं? मग माझ्याकडे कशाला आलात?"

"तुमच्या आदी दोन मेस्त्री आनले हुते मी, आबांच्या मागारी. दोगांनी बगितलानी, 'नाय जमायचा' बोल्ले, नि घरी गेले." वहिनींनी हळदीचा हात पदराला पुसला. "मेस्त्री घरी जातो, भावजी. थापाड्याला घरी जायची सोय नसते."